मोटर रात्री अडीचला कोणी चालू केली? वाचकांचे प्रश्न, पॅनेलवाल्याची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच विषयाची निघाली. सिम घातलेले डबे, म्हणजे मोबाईल स्टार्टर, दुधाच्या टाकीचा टेंपरेचरवाला बॉक्स, पाण्याच्या टाकीचा सेन्सर, सीसीटीव्ही. माणूस मध्ये न येता एक मशीन दुसऱ्या मशीनला निरोप देतं आणि तो निरोप चुकला किंवा दुसऱ्याच कुणी दिला तर काय, असं सगळ्यांचं विचारणं आहे. मी बावीस वर्षं सांगलीजवळ कुपवाडच्या बाजूला पॅनेल वायरिंग करतोय, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढ्यावरच लिहितो.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आणि तिला मोबाईल स्टार्टर बसवलाय. मागच्या महिन्यात रात्री अडीचला मोटर आपोआप चालू झाली, सकाळी बघतोय तर विहीर कोरडी आणि मोटरचं वायंडिंग जळालेलं. दुकानदार म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम, माझा भाऊ म्हणतो कुणीतरी हॅक केलं. खरं काय समजायचं?

दादा, आधी मोटरचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, ऐन हंगामात वायंडिंग म्हणजे पैसा जातो तो जातोच पण बागेचं पाणीही चुकतं. आता कोण दोषी हे ठरवायच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, पॅनेलवरचा स्विच ऑटोवर होता का. आपल्याकडं थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री येतो, आणि ऑटोवर ठेवलेली मोटर लाईट आली की आपोआप चालू होते, त्यात ना नेटवर्कचा संबंध ना हॅकरचा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, स्टार्टरमधल्या सिमचा नंबर आधी कुणाचा होता. बंद पडलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी नवीन गिऱ्हाईकाला देतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तोच नंबर तुमच्या विहिरीवरच्या डब्यात गेलाय हे त्या नंबरच्या जुन्या मालकाच्या पाहुण्यांना कुठं माहीत असतं! ते लावतात फोन. काही जुने स्टार्टर कुणाचाही फोन उचलतात आणि एक दाबलं की मोटर चालू. नंबर नोंदवायची सोय डब्यात असते, पण बसवणाऱ्यानं ती केलेली नसते, पासवर्ड कारखान्यातून आला तोच १२३४ किंवा ०००० राहतो. सिमचं कॉल आणि मेसेजचं रेकॉर्ड मिळतं का बघा, त्यात आलेले फोन असतील तर अडीचच्या आसपास कुणाचा होता ते दिसेल. तिसरी गोष्ट, ॲप असेल तर त्याचा लॉगिन दुकानदारानं केलाय का, आणि सगळ्या गिऱ्हाईकांना एकच पासवर्ड दिलाय का, हे तोंडावर विचारा.

पण यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. समजा कळलं की फोन अमक्या गावातून आला होता, त्यानं तुमचं वायंडिंग परत येणार नाही. चुकीचा निरोप आज ना उद्या येणारच, नेटवर्कमुळे येईल, पोरानं खेळताना बटण दाबून येईल नाहीतर खरंच कुणी वाईट बुद्धीनं पाठवेल, आणि तो आल्यावर मोटरनं काय करायचं हे तुम्ही आधीच ठरवून ठेवायला पाहिजे होतं. विहिरीतलं पाणी खाली गेल्यावर मोटर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर, एक फेज गेला तर तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि करंट जास्त गेला की तोडणारा, बरोबर सेट केलेला ओव्हरलोड रिले, या तीन वस्तू असत्या तर मोटर अडीचला चालू झाली असती, विहिरीचा तळ लागल्यावर थांबली असती आणि सकाळी तुम्ही फक्त चिडला असता. या वस्तू कुणाचा फोन ऐकत नाहीत, आणि म्हणूनच त्या पाहिजेत. त्यांच्या जोडीला एक साधा टायमर लावा, तुमच्या बागेला एका वेळी जास्तीत जास्त जेवढे तास लागतात तेवढ्यावर सेट करून, म्हणजे कुणीही चालू करू दे, तेवढ्या वेळानं मोटर बंद होणारच. फक्त हे सगळं कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, वायरीतच घ्यायचं, डब्याच्या प्रोग्राममध्ये नाही.

अजून एक. ॲपवर ‘बंद’ दिसतं म्हणजे मोटर बंद आहे असं समजू नका. बरेच डबे आपण दिलेला हुकूम दाखवतात, खरी मोटर काय करतेय ते दाखवत नाहीत. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले तर हुकूम बंदचा आणि मोटर मात्र चालूच. वायरीतून करंट जातोय का हे मोजून सांगणारा डबा असेल तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आणि आता जे लिहितोय ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मोटरवर, स्टार्टरवर किंवा पाईपवर हात घालायच्या आधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात घालायचा. ॲपवर बंद केलं म्हणून विहिरीत उतरायचं नाही. घरी बसलेल्या भावाला माहीत नसतं की तुम्ही खाली आहात, तो लाईट आली म्हणून बटण दाबतो. यात हॅकर कुणीच नाही आणि तरीसुद्धा माणूस जातो. माझ्याकडं शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि फ्यूज खिशात नसेल तर त्याला पॅनेलला हात लावू देत नाही.

प्रश्न : आमचं कराड तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे, दोन हजार लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी. त्याला बॉक्स बसवलाय, टेंपरेचर वाढलं की मोबाईलवर अलार्म येतो. मागं एकदा अलार्म आला नाही, मोबाईलवर रात्रभर ४.१ दाखवत होतं आणि सकाळी दूध नासलं. कंपनी म्हणते सिमचा रिचार्ज संपला होता. मग बॉक्सचा उपयोग काय?

ताई, तुमचा राग बरोबर आहे, आणि चूक नुसत्या रिचार्जची नाही, बॉक्सला गप्प बसण्याचा अर्थ शिकवलेला नव्हता ही आहे. निरोप येईना झाला की वाईट बातमी समजायची, पण तुमच्या ॲपनं शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला आणि ‘सगळं ठीक’ असं दाखवत राहिलं. पाहिजे होतं ते असं, की बॉक्सनं दर पाच-दहा मिनिटांनी ‘मी जिवंत आहे’ एवढं तरी सांगायचं, आणि दोन-तीन वेळा ते आलं नाही की पलीकडच्या बाजूनं अलार्म वाजवायचा. अलार्म बॉक्सनं वाजवायचा नाही, कारण मेलेला बॉक्स काय वाजवणार. कंपनीला लेखी विचारा ही सोय आहे का.

रात्रभर ४.१ हा आकडासुद्धा स्वतःच ओरडून सांगत होता. चालू कूलरचं टेंपरेचर कॉम्प्रेसर चालू-बंद होईल तसं थोडं वरखाली होतंच, तासन् तास एकच आकडा म्हणजे एकतर सेन्सर अडकला नाहीतर निरोप. टाकीवर साधा डायलचा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत हातानं आकडा लिहायची सवय मोडू नका.

आता वरच्या द्राक्षवाल्या दादांच्या उत्तराशी ताडून बघा, कारण इथं लोकांचा मोठा गोंधळ होतो. त्यांची मोटर, संपर्क तुटला किंवा काही शंका आली, तर थांबली पाहिजे. तुमचा कूलर मात्र संपर्क तुटला तरी थंड करत राहिला पाहिजे. दोन्हीकडं डबा सारखाच, सिम सारखंच, पण बिघडल्यावर कुठल्या अवस्थेत जाऊन बसायचं हे एकदम उलटं. म्हणून बसवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘हे तुटलं तर माझं मशीन काय करेल?’ आणि तो ‘तुटत नाही हो’ म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका. तुमचा थर्मोस्टॅट कूलरच्या अंगावरच असला पाहिजे, त्याचा हुकूम चालला पाहिजे, आणि बॉक्सनं फक्त बघायचं आणि सांगायचं.

हे किती कामाचं आहे त्याचं मोठं उदाहरण २०२२ चं आहे. २४ फेब्रुवारीला, युक्रेनवर हल्ला झाला त्याच दिवशी, वायासॅट कंपनीच्या सॅटेलाईट इंटरनेटचे हजारो मोडेम हल्ल्यात निकामी झाले, आणि त्या मोडेमवरून बोलणाऱ्या जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांशी लांबून असणारा संपर्क तुटला. पण चक्क्या थांबल्या नाहीत, आपापल्या जागी ऑटोमॅटिक चालत राहिल्या आणि वीज देत राहिल्या, कारण चक्की चालवायची अक्कल चक्कीतच ठेवलेली होती. तुमचा कूलर असा पाहिजे.

उलट्या बाजूचंही सांगतो. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्येच वीज कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये घुसून हल्लेखोरांनी लांबून ब्रेकर पाडले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. तरी काही तासांत वीज परत आली. कशी, तर माणसं सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हातानं ओढून चालू केले. हातानं चालवायची सोय होती आणि चालवता येणारी माणसं होती. तुमच्या केंद्रात कूलर हातावर कसा चालवायचा आणि लाईट गेल्यावर जनरेटर कसा जोडायचा हे किती जणांना येतं? एकालाच येत असेल तर या आठवड्यात दुसऱ्याला शिकवा.

प्रश्न : विश्रामबागेत आमची सोसायटी आहे, सोळा कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एक डीव्हीआर. सगळ्यांना मोबाईलवर दिसतं. त्यात काय धोका?

धोका दोन बाजूंनी आहे, तुम्हाला आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि ते कसे, तर कारखान्यातून येणाऱ्या साठ-एक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या, बस. मग त्या सगळ्या डब्यांनी मिळून २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या डिन या, साईटचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येक तास बंद-चालू होत राहिल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता, त्यांचं चित्र व्यवस्थित दिसत होतं.

पासवर्ड बदला, डीव्हीआरचाही आणि राऊटरचाही. बसवणाऱ्यानं राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता, उघडून ठेवलाय का ते बघून बंद करा. शंका असेल तर आधी नेटची वायर काढायची, डीव्हीआर बंद करून चालू करायचा, पासवर्ड बदलायचा आणि मगच वायर जोडायची, याच क्रमानं, कारण मिराई फक्त चालू मेमरीत राहायचा, बंद केल्यावर जायचा, पण पासवर्ड जुनाच असला की थोड्याच वेळात परत यायचा. नवीन कॅमेरे घेणार असाल तर केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या तपासणीच्या अटी घातल्यात, दुकानदाराकडं तपासणीचा कागद मागा.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात पाणीपुरवठा बघतो. टाकी, मोटर, व्हॉल्व्ह सगळं ऑटोमॅटिक केलंय. ठेकेदाराचं काम संपलं, बिल निघालं, पण ॲपचा मेन पासवर्ड अजून त्याच्याकडंच आहे. सरपंच म्हणतात राहू दे, अडचण आली तर तोच येणार. बरोबर आहे का?

नाही भाऊ, बरोबर नाही, आणि माणूस चांगला आहे की वाईट हा मुद्दाच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची भागात २००० साली काय झालं ते सरपंचांना सांगा. तिथल्या सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनला रेडिओवरून चालणारी यंत्रणा बसवली होती. बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एका माणसानं तिथल्या कौन्सिलकडं नोकरी मागितली, ती मिळाली नाही, तर तो गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरायचा आणि पंपांना उलटसुलट हुकूम द्यायचा. सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. सुरुवातीला बराच काळ लोकांना वाटत होतं यंत्रणाच बिघडलीय. तुमच्याकडं तर पिण्याचं पाणी आहे.

ग्रामपंचायतीच्या नावानं नवीन मेन पासवर्ड करा, ठेकेदाराला लागला तर वेगळा लॉगिन द्या आणि काम झालं की त्याच दिवशी बंद करा. सिम कुणाच्या नावावर आहे तेही बघा, बऱ्याच ठिकाणी ते ठेकेदाराच्या कामगाराच्या नावावर निघतं आणि त्यानं एक दिवस बंद केलं की गावाला पाणी नाही. व्हॉल्व्ह हातानं फिरवायची चावी, वायरिंगचा नकाशा आणि पासवर्डचा कागद बंद पाकिटात पंचायतीच्या कपाटात ठेवा. तुम्ही एक दिवस गावाला नसलात तरी दुसऱ्याला पाणी सोडता आलं पाहिजे.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, कुपवाड एमआयडीसीत आम्ही चार जण मिळून पंप कंट्रोलचे बॉक्स बनवतो. सध्या तीनेकशे बॉक्स शेतात आहेत. सुरक्षा फेल होईल असं धरून प्लॅन करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? पासवर्ड, एन्क्रिप्शन सगळं केलंय.

ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण ‘फेल होईल असं धरून’ हे शब्द बनवणाऱ्याकडून क्वचित ऐकायला मिळतात. आपण सांगलीची माणसं, आपल्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही खरंतर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि कुठल्या फुटाला कुठली गल्ली पाण्यात जाते हे गावभागातल्या माणसाला तोंडपाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर येणार नाही यावर कुणी प्लॅन करत नाही, अमक्या फुटाला सामान माडीवर, अमक्या फुटाला घर सोडायचं, असा करतो. तुमच्या बॉक्सचं तसंच लिहून काढा. एक बॉक्स फुटला तर काय, एका गावातले सगळे फुटले तर काय, तुमचा सर्व्हरच दुसऱ्याच्या हातात गेला तर काय.

एक बॉक्स कुणीतरी विकत घेऊन उघडणार, त्यातली ‘की’, म्हणजे एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली, काढणार, हे धरून चाला. सगळ्या बॉक्समध्ये एकच किल्ली असेल तर त्या एका बॉक्समुळे तीनशे गेले. प्रत्येकाची किल्ली वेगळी पाहिजे आणि एकाची रद्द केली तर बाकीच्यांना धक्का लागता कामा नये. अपडेट तुमच्या डिजिटल सहीशिवाय बॉक्सनं घ्यायचंच नाही. जुनं चालणारं सॉफ्टवेअर मेमरीत तसंच ठेवा, नवीन चाललं नाही तर बॉक्सनं स्वतःहून जुन्यावर परत जायचं. अपडेट एकदम सगळ्यांना सोडू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमानं थांबली, हल्ला कुणीच केला नव्हता. तुम्ही आधी कुपवाड-बुधगावच्या दहा बॉक्सना द्या, जिथं स्कूटरवर अर्ध्या तासात पोचता येतं, चार दिवस बघा, मग पुढं.

सर्व्हर हातातून गेला तर, हा भाग सगळ्यात अवघड आणि मला वाटतं तुम्ही सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवावा. तुमचे शंभर पंप एकाच फीडरवर असतील आणि कुणी एकदम सगळे चालू केले तर रोहित्राचं काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे, लाईट आल्यावर ऑटो स्विचवाल्या मोटरी एकदम उठतात तेव्हा काय होतं ते आपण बघतोच, महावितरण म्हणूनच ऑटो स्विच काढा म्हणून सांगत असतं. तेव्हा बॉक्समध्येच असा नियम घाला की हुकूम कुठूनही येऊ दे, चालू होताना प्रत्येकानं आपला वेगवेगळा उशीर लावायचा, आणि तासात अमुक वेळाच चालू-बंद व्हायचं, त्यापेक्षा जास्त हुकूम आले तर बंद होऊन शेतकऱ्याला मेसेज करायचा. हा नियम सर्व्हरवरून बदलता येता कामा नये. आणि व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी पंप बंद झाला पाहिजे, नाहीतर पाईप फुटू शकतो, हा क्रमही बॉक्सच्या पोटातच ठेवा.

आणि एक प्रश्न जो गिऱ्हाईक विचारत नाही पण तुम्ही स्वतःला विचारा, तुमची कंपनी उद्या बंद पडली तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं चालवणारा हब होता, तो बनवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरातले चांगले चालू असलेले हब एका दिवसात निकामी झाले. तुमचा बॉक्स सर्व्हरशिवाय निदान नोंदवलेल्या नंबरच्या मेसेजवर आणि हाताच्या बटणावर चालला पाहिजे. शेतकऱ्यानं त्यासाठी उसाच्या बिलातले पैसे दिलेत.

घुसखोरी झाली असं कळलं तर केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला ६ तासांच्या आत कळवायचं असं २०२२ चे निर्देश आहेत, आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. कोण कळवणार त्याचं नाव आजच भिंतीवर लावा. गिऱ्हाईकांचे नंबर छापील कागदावरही ठेवा, कारण त्या दिवशी कॉम्प्युटर उघडणार नाही.

प्रश्न : माझं वय एकाहत्तर. पोरानं पुण्यातून ऑर्डर करून मळ्यातल्या मोटरीला बॉक्स लावलाय. हे सगळं ऐकून वाटतं काढून टाकावा. काढू का?

काका, काढू नका. रात्री-अपरात्री अंधारात, विंचू-काट्यातून मोटर चालू करायला जाणं या वयात तुम्हाला नको आणि पोरालाही त्याचीच काळजी असणार. फक्त एक करा. अमावस्येला तुमच्याकडं औत बंद असेल, त्या दिवशी पोराला फोन लावून बॉक्सचं सिम काढा आणि बघा मोटर काय करते, सिलेक्टर हातावर टाकून तुम्हाला स्वतःला चालू-बंद करता येते का, टाकीतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर उचलल्यावर मोटर बंद होते का. जे चाललं नाही ते गावातल्या वायरमनला दाखवा, आणि पुढच्या अमावस्येला परत बघा.